किटलीची टोपी

अथलोन, केप टाऊन
६ एप्रिल

प्रिय रुश्दा,

सलाम. बातमी तुला कळली असणारच, तुमच्या जोहान्सबर्गात म्हणे लोक झोपतही नाहीत. तरी मी ती पुन्हा सांगणार, कारण या घरात ही बातमी सांगायचा मान माझा आहे. काळे येतायत! काळ्या जर्सीतला न्यूझीलंडचा अख्खा रग्बी संघ, आणि तोही हल्लीसारखा सामना उरकून लगेच विमानात बसणारा नव्हे. पूर्वी व्हायचा तसा लांबलचक दौरा आहे. आधी प्रांतांच्या संघांशी खेळणार, मग आपल्या देशाच्या त्या हिरव्यांशी. ऑगस्टात केप टाऊनला सामना आहे. तुझ्या काकीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग आत्तापासून कशाला ओरडताय, एप्रिल चाललाय." लग्न झाल्यापासून मी या बाईला रग्बी शिकवतोय.

तिकिटं काढली आहेत. एक माझं, एक तुझं. आता म्हणे संगणकावर रांग लावावी लागते. शेजारच्या रियाधकडे जाऊन बसलो. पोरगा पक्का हिरवा आहे, पण बोटं चपळ आहेत. काम झाल्यावर मला म्हणतो, "अंकल तोयर, स्वतःच्या देशाचा संघ सोडून पाहुण्यांसाठी ओरडायला एवढे पैसे?" मी म्हटलं, बाळा, तू जन्माला यायच्या आधीपासून ओरडतोय, तेव्हा स्वस्त होतं.

तू आता तयारीला लाग. नियम तुला पाठ आहेत, पण तुमच्या जोहान्सबर्गच्या उंचावरच्या हवेत डोकं हलकं होतं, म्हणून पुन्हा सांगतो. सामन्याच्या आठवड्यात आपल्या घरात हिरवं काही शिजत नाही. फरसबीची रस्सेदार ब्रेडी बंद, मटार तर दारातूनच परत. काळ्या जर्सीला इस्त्री मीच करणार. सामन्याआधी ते मांड्या थोपटून नाचायला लागले की आपण डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरायची. हिरव्यांनी कितीही झकास खेळ केला तरी टाळी नाही. हात शिवशिवले तर खिशात घालायचे.

नवी काळी जर्सी घेतोय तुला. माप कळव. खरं माप कळव, ईदला मी तुला पाहिलंय.

तुझा बाप अमीन गेला त्या वर्षी तू सहा वर्षांची होतीस आणि पहिल्यांदा माझ्या डाव्या बाजूला बसलीस. पाय जमिनीला टेकत नव्हते तुझे. तेव्हापासून काळे आले की ती जागा तुझी. तिथे दुसरं कुणी बसलं तर मला सामना दिसत नाही. आणि तुझ्या बापाबद्दल काय सांगू? त्या हिरव्या कपड्याला त्यानं पायसुद्धा पुसले नसते.

फोन करू नकोस. उजव्या कानानं मला ऐकू येत नाही आणि डाव्या कानाशी तुझी काकी बोलत असते. घरच्या त्या ग्रुपवरही मी परत येणार नाही. विश्वचषकात हिरवे काळ्यांवर एका गुणानं जिंकले त्या अंतिम सामन्यानंतर तुझ्या चुलतभावंडांनी मला जे हिरवे बदाम पाठवले, ते मी विसरलेलो नाही. आधी माफी, मग ग्रुप. तोवर पत्रं फाल्दीलच्या हाती. त्याची बस दर आठवड्याला तुमच्याकडे येतेच. त्याला काकीच्या हातचे पाकातले कुक्सिस्टर दिले की तो जपून पोचवतो.

तुझा काका,
तोयर

ता. क. मी काकी. ऑगस्टच्या सामन्याची जर्सी आज इस्त्री करून झाली. – गालिमा


जोहान्सबर्ग
१९ एप्रिल

प्रिय काका,

सलाम. पत्र पोचलं. पुडीतले कुक्सिस्टर कमी वाटले, फाल्दीलच्या मिशीला खोबरं लागलेलं होतं.

दौऱ्याचं वाचून फार आनंद झाला. शाळेत आमच्याकडे दुसरा विषयच नाही. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचा मास्तर फळ्यावर संघ लिहितो आणि इतिहासाची बाई तो पुसते. यंदाच्या मोसमात कुणाला खेळवावं याबद्दल या देशात सगळ्यांना सगळं कळतं, निवडणाऱ्यांना सोडून.

माझं माप तेच आहे. ईदला थंडी होती, मी दोन कपडे घातले होते. पण नवी जर्सी घेऊ नका काका, उगाच खर्च कशाला.

एक जुनी शंका आहे, ती मात्र या निमित्तानं विचारून घेते. सामन्याच्या आठवड्यात घरात हिरवं चालत नाही ना? मग किटलीची टोपी कशी चालते? चहा गरम राहावा म्हणून किटलीवर चढवता ती जाडजूड, गादीसारखी टाचलेली टोपी चांगली गडद हिरवी आहे. बिचारा मटार दारातून परत जातो आणि ही टेबलाच्या मधोमध ऐटीत बसते! मी दहा वर्षांची असताना विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चहा थंड होतो." हा कुठला न्याय? फरसबीचं काय चुकलं?

ऑगस्टचं मात्र आत्ताच नक्की सांगत नाही. शाळेत त्या सुमाराला परीक्षा असतात आणि आमची मुख्याध्यापिका सुट्टीच्या बाबतीत फार कडक आहे. वाटल्यास माझं तिकीट रियाधला द्या.

तुमची,
रुश्दा


अथलोन
२७ एप्रिल

रुश्दा,

शनिवारी कसली परीक्षा?

रियाधला देऊ? माझ्या डाव्या बाजूला? तो तोंडाला हिरवा-पिवळा रंग फासून येतो. बोलला की रंग उडतो.

तुझं पत्र मी काकीला दोनदा वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, मला लगेच कळलं. मुलगा आहे. लपवू नकोस. मुलगा आहे आणि तो हिरवा आहे, म्हणून तू मला तोंड दाखवायला घाबरतेस. हे बघ, तू पस्तिशीची झालीस, घरात कुणी तुला ओरडणार नाही. नमाज पढणारा असावा, एवढंच काकीचं म्हणणं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्याला मी भेटेन, चहा पाजेन, आणि एक मोसम माझ्या हाताखाली दिलास तर काळा करून परत देईन. याआधी मी अवघड माणसं सुधारली आहेत. मौलवीसाहेबांच्या जावयाला विचार.

टोपीचं विचारलंस. चहा थंड होतो. विषय संपला.

काका


जोहान्सबर्ग
९ मे

प्रिय काकी,

ही चिठ्ठी फाल्दील तुला मागच्या दारानं देईल. काकांना दाखवू नकोस. त्याच्याकडून मी शपथ घेतली आहे, आणि शपथेपेक्षा भरवशाचे म्हणून वर सामोसेही दिलेत.

मुलगा नाहीये. असता तर सोपं होतं. काकी, मीच हिरवी झालेय.

झालं असं की त्या एका गुणाच्या अंतिम सामन्याला मी शाळेतल्या मंडळींबरोबर होते. घातला होता काळाच रंग, मुकाट कोपऱ्यात बसले होते. पण आपला कप्तान कप उचलायला गेला, आपल्यासारख्याच वस्तीतून आलेला, आणि त्याच्या मागे सगळ्या रंगांची पोरं उभी होती, तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक. मी उभी राहून रडले. आणि मला अब्बांची आठवण आली. वाटलं, हे बघायला ते हवे होते. दुसऱ्या दिवशी जाऊन हिरवी जर्सी घेतली. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला तीच घालते.

मला काकांच्या विरुद्ध जायचं नाहीये. त्यांनी मला वाढवलं. रग्बी म्हणजे काय ते मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून शिकले. पण काळी जर्सी घालून तिथे बसले तर खोटं बसल्यासारखं होईल, आणि हिरवी घालून गेले तर ती जागाच जाईल. मला ती जागा हवीय काकी. जिंकेना का कुणीही.

एक विचारायचंय. काका नेहमी म्हणतात, तुझ्या बापानं हिरव्या कपड्याला पाय पुसले नसते. अब्बांना खरंच एवढा तिटकारा होता का गं? मग मी त्यांची आठवण काढून तोच रंग घालतेय, हे बरोबर आहे का?

तुझी,
रुश्दा


अथलोन
१६ मे

रुश्दा बेटा,

चिठ्ठी मिळाली. पिठाच्या डब्यात ठेवली आहे, तिथे तुझे काका जन्मात हात घालणार नाहीत.

मुलगा नाही म्हटल्यावर मी जरा हिरमुसले, खरं सांगते. मी मनातल्या मनात बिर्याणीचा तांदूळ मोजला होता.

तुझं गुपित मी सांगणार नाही, ते तूच सांग. काका आरडाओरडा करतील. त्यांच्या आरडाओरड्याला मी आणि शेजारीपाजारी सगळे सरावलेलो आहोत. तू घाबरतेस ते त्यांच्या गप्प बसण्याला, ते मला ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय कुणी कुणाला जागा देत नाही आणि काढूनही घेत नाही.

तू सांगितलंस म्हणून मीही एक सांगते. त्याच अंतिम सामन्यात कप उचलला तेव्हा तुझे काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला लागले. डोळे पुसत होते. मी म्हटलं, जेवण केव्हाच झालंय, कांदा कशाला? तर म्हणाले, उद्यासाठी. बेटा, या माणसानं त्याआधी कधी कांदा चिरलेला नाही आणि त्यानंतरही नाही.

तुझ्या अब्बांबद्दल विचारलंस. ते तुझ्या काकांना विचार. पण असं विचार: किटलीची टोपी कशाची शिवली आहे? शिवली मी, पण सांगायचं त्यांनी. मला ते बोलवत नाही.

गालिमा काकी


जोहान्सबर्ग
३० मे

प्रिय काका,

सलाम. हे पत्र बसून वाचा, आणि चहा हातात घेऊन वाचू नका.

मुलगा नाही. परीक्षाही नाही. मुख्याध्यापिका कडक नाही, ती स्वतः सामन्याला जाणार आहे. मी खोटं बोलले कारण मला भीती वाटली.

काका, मी हिरव्यांच्या बाजूची झालेय. कुणी फूस लावली नाही, कुणी पैज लावली नाही. त्या अंतिम सामन्यात ती पोरं एकत्र उभी दिसली आणि मला वाटलं, हा संघ आता माझाही आहे. तुमच्या वेळी नव्हता, अब्बांच्या वेळी नव्हता, हे सगळं मला माहीत आहे, तुम्हीच शिकवलंय. तरी वाटलं. आता ते वाटणं परत पाठवता येत नाही.

ऑगस्टात मला यायचंय. हिरवी जर्सी घालून यायचंय, आणि तुमच्या डाव्या बाजूला बसायचंय. हे दोन्ही एकत्र मागणं तुमच्या घरात फार मोठं आहे, मला कळतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं तिकीट काढून लांब बसेन. पण मला लांब बसायचं नाहीये काका. मला ते आवडणार नाही.

आणि टोपीचं पुन्हा विचारते. चहा थंड होतो, ते कळलं. पण ती शिवली कशाची आहे?

तुमचीच,
रुश्दा


जोहान्सबर्ग
५ जुलै

प्रिय काका,

फाल्दील येऊन गेला. कुक्सिस्टर दिले, पत्र नाही दिलं. त्याआधीच्या खेपांनाही नव्हतं. मी विचारलं, काका काय म्हणाले? तर म्हणाला, "म्हातारा हल्ली माझ्याशी हवामानाबद्दल बोलतो." काका, तुम्ही हवामानाबद्दल बोलायला लागलात म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

काल मोसमाचा पहिला सामना झाला. मी पाहिला, पण आवाज बंद करून. तुमची बडबड नसली की मला समालोचन ऐकवत नाही. स्क्रमच्या रेटारेटीत आपल्या पोरांनी समोरच्यांना पार मागे ढकललं, तेव्हा तुम्ही नक्की काहीतरी वाईट बोलला असाल. काय बोललात तेवढं तरी कळवा.

रागावा, पण लिहा.

रुश्दा


अथलोन
१४ जुलै

प्रिय रुश्दा,

मी म्हणालो, "म्हशी आहेत सगळ्या, चरायला सोडा." झालं समाधान?

रागावलो नव्हतो. म्हणजे पहिला आठवडा रागावलो होतो. शेजारी रियाध विनाकारण बोलणी खाऊन गेला, त्याला अजून कळलेलं नाही का ते. नंतर राग नव्हता. तू जे विचारलंस ते कसं लिहायचं ते सुचत नव्हतं. दोन कागद फाडले. हा तिसरा आहे, हा फाडणार नाही.

न्यूलँड्सच्या जुन्या मैदानामागे आपली गल्ली होती, हे तुला माहीत आहे. मैदानातली ओरड आमच्या न्हाणीत ऐकू यायची. मग ती वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून सरकारनं ठरवलं आणि आम्हाला उचलून इथे वाळूत आणून टाकलं. त्यानंतर ज्या मैदानाशेजारी जन्मलो तिथे जायला बस पकडावी लागायची. आत आमच्यासाठी गोलच्या खांबांमागचा एक कोपरा होता, जाळी लावलेला. बाकीच्या मैदानाला आम्ही दिसायचो नाही, म्हणजे बघायचेच नाहीत. हिरव्यांच्या संघात आमच्यातल्या कुणाला जागा नव्हती, कितीही चांगला खेळो. मग आम्ही कुणासाठी ओरडणार? पाहुण्यांसाठी! काळ्यांनी चेंडू रेषेपार टेकवून ट्राय केला की आमचा कोपरा असा काही गर्जायचा की अख्खं मैदान मान वळवून बघायचं. तेवढा वेळ आम्ही त्यांना दिसायचो. रियाधला हे कळणार नाही, आणि त्याला कळू नये हेच बरं. त्याला जाळी माहीत नाही.

आता अमीन. तुला मी सांगितलंय की तो आपल्या हिलाल क्लबकडून खेळायचा आणि चांगला खेळायचा. नुसता चांगला नव्हे. स्क्रममधून चेंडू बाहेर यायच्या आत त्याचा हात तिथे असायचा. इथल्या धुळीच्या मैदानात, फाटके बूट घालून. माझा भाऊ म्हणून सांगत नाही, भाऊ म्हणून तर मी त्याला रोज शिव्या द्यायचो.

एकदा हिरव्यांचा एक माणूस घरी आला. टाय लावून. तेव्हा बाहेरच्या जगात त्यांची छी-थू चालली होती, म्हणून आमच्यातलं एखादं माणूस संघात दाखवायला हवं होतं. अमीनला म्हणाला, निवड चाचणीला ये, तुझी जागा नक्की आहे. आपल्या लोकांच्या संघटनेनं ठरवलं होतं की सगळ्यांना सारखं वागवत नाहीत तोवर त्यांच्याकडून कुणी खेळायचं नाही. अमीननं त्या माणसाला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि नाही म्हणाला. मला अभिमान वाटला. मी तो प्रसंग सगळ्या गल्लीला सांगत फिरलो, आणि सांगताना थोडी शिवीगाळही घातली, जी प्रत्यक्षात झाली नव्हती.

काकी तेव्हा सॉल्ट रिव्हरला शिवणकारखान्यात होती. हिरव्यांच्या जर्स्या तिथेच शिवल्या जायच्या. बघ गंमत, ज्यांच्या भावांना त्या घालता येत नव्हत्या, त्या बायका कॉलर लावत होत्या. एक जर्सी बाहीची शिवण वाकडी गेली म्हणून बाद झाली. असा बाद माल बायकांना मिळायचा. काकीनं फडकी करायला घरी आणली आणि टेबलावर ठेवली. अमीन चहाला आला. त्यानं ती बघितली, उचलली आणि अंगात घातली. खिडकीच्या काचेत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बुता, भाऊ, खांद्यात अगदी बरोबर बसते."

त्यानं ती काढली, नीट घडी केली आणि काकीला म्हणाला, "गालिमा, हिची फडकी कर."

तिनं कात्री घेतली आणि ठेवली. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. फडकी करून फरशी पुसायचं तिच्याच्यानं होईना, आणि जर्सी म्हणून कपाटात ठेवायचं माझ्याच्यानं होईना. शेवटी तिनं त्या जर्सीची किटलीची टोपी शिवली. त्यानंतर अमीन आला की त्याच टोपीखालचा चहा प्यायचा. तिच्याबद्दल कधी अवाक्षर बोलला नाही. पण चहा ओतून झाला की टोपी परत बसवायचा तो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

तुझ्या बापानं त्या कपड्याला पाय पुसले नसते, हे मी तुला सांगितलं ते खरंच आहे. फक्त कारण तू समजलीस ते नव्हे. त्याला ती जर्सी हवी होती. कुठल्याही माणसाला काही हवं असेल त्यापेक्षा जास्त हवी होती. तरी तो नाही म्हणाला. तू सहा वर्षांची होतीस, तुझा बाप नुकता गेला होता. बापाला एखादी गोष्ट आवडत नव्हती हे सांगितलं की पोर झोपते. त्याला ती हवी होती आणि मिळाली नाही, हे सांगितल्यावर पोर कशी झोपणार? म्हणून सांगितलं नाही, आणि मग सांगायचं राहूनच गेलं.

आता तुझ्या अर्जाचा निकाल. काळी जर्सी मी सोडणार नाही. मैदानात ओरडायचा हक्क त्या कोपऱ्यात मी मिळवलाय, तो काळ्यांच्या नावानं मिळवलाय, आणि या वयात बाजू बदलायला मी काही राजकारणी नाही. तू हिरवी जर्सी घाल. तुझ्या खांद्यात कशी बसते ते मला बघायचंय.

जागा तुझीच आहे. ती कधी गेलीच नव्हती. मला विचारायच्या आधी तू ती सोडायला निघालीस, याचा मात्र राग आहे, आणि तो मी ऑगस्टात तोंडावर काढणार आहे. अट एकच. हिरव्यांनी ट्राय केला तर माझ्या डाव्या कानात किंचाळायचं नाही. मला तो एकच उरलाय.

काळे जिंकतील. लिहून ठेव.

तुझा काका,
तोयर


जोहान्सबर्ग
२६ जुलै

प्रिय काका,

पत्र वाचलं. मग फाल्दीलला बाहेर थांबवून पुन्हा वाचलं. त्यानं विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हटलं, नाही. त्यानं न विचारता मला माझ्याच वाटचा कुक्सिस्टर दिला.

विमानाचं तिकीट काढलं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोचते. मला अब्बांच्या टोपीखालचा चहा हवाय, आणि तो ओतून झाल्यावर टोपी मी बसवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

किंचाळणार नाही, असं वचन देत नाही. कुजबुजून किंचाळेन.

आणि काळे जिंकणार नाहीत. हेही लिहून ठेवलंय.

तुमची,
रुश्दा


अथलोन
१२ ऑगस्ट

रुश्दा बेटा,

काकांना ठाऊक नाही मी लिहितेय. ते बाहेर रियाधला संघ कसा निवडायचा ते शिकवतायत.

तू येशील तेव्हा चहा ओतून झाल्यावर टोपी बसवायला मागशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. टोपी किटलीवर नसेल. चहा थंड प्यावा लागेल.

झालं असं की परवा ती त्यांनी स्वतः धुतली. उन्हात घातली, पाऊस आला तर पळत जाऊन आत आणली. मग माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गालिमा, ही दोन्ही भोकं शिवून टाक." मी विचारलं, किटलीची नळी कुठून काढू? कान कुठून काढू? तर म्हणाले, "किटलीचं काय घेऊन बसलीस. ऑगस्टच्या थंडीत मैदानात समुद्राचा वारा केवढा असतो. मला टक्कल आहे."

दिली शिवून. काळ्या जर्सीवर हिरवी टोपी घालून आरशापुढे उभे राहिले, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. ध्यान दिसतं बेटा, तुला आधीच सांगते, हसू नकोस. निदान मैदानात पोचेपर्यंत हसू नकोस. कुणी विचारलं तर थंडीसाठी घातली आहे, असं सांगायचं ठरलंय. तूही तेच सांग.

मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, अहो, पण तुमचा नियम आहे ना, काळे नाचायला लागले की टोपी काढून छातीशी धरायची? मग काय करणार?

त्यांनी जरा विचार केला. मग दोन्ही हातांनी ती कानांपर्यंत नीट खाली ओढली आणि म्हणाले, "ही नाही काढणार. ही अमीनची आहे."

गालिमा काकी